फौजदार व्हायचंय? आधी उंची मोजा

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. तिला फौजदार व्हायचंय. त्यासाठी क्रिमिनॉलॉजीचीच (गुन्हेगारीशास्त्राचीच) पदवी लागते असं कुणीतरी सांगितलं, म्हणून बाहेरगावी प्रवेश घ्यायचा हट्ट धरून बसलीय. उंची अंदाजे 156 सेंमी. फी केळीच्या पैशातूनच भरायची आहे. काय करावं?
– एक पालक, रावेर तालुका

उत्तर : पदवी कुठलीही चालते. फौजदार, म्हणजे पोलीस उपनिरीक्षक, एमपीएससीच्या परीक्षेतून निवडला जातो आणि तिथे बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. सगळ्यांना दार उघडं आहे. आपल्या जळगावच्या बहिणाबाई चौधरी विद्यापीठाची पदवीही तितकीच चालते. कायदा पुढे नाशिकच्या पोलीस अकादमीत शिकवतातच.

अडचण पदवीची नाही, ‘अंदाजे’ या शब्दाची आहे. उपनिरीक्षकपदासाठी मुलींना अनवाणी 157 सेंमी उंची लागते. शिपाई भरतीत 155 पुरते. आयपीएसला तर 150च! म्हणजे 156वर शिपाई होता येतं, आयपीएसही होता येतं, मधला फौजदार मात्र हुकतो. म्हणून फीचा विचार करण्याआधी नीट मोजा. अंबाडा-वेणी सोडायची, टाचा भिंतीला टेकवायच्या, नजर सरळ, डोक्यावर जाड पुस्तक भिंतीशी काटकोनात धरून खूण करायची. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. मणक्यातल्या चकत्या दिवसभरात दबतात आणि संध्याकाळी साधारण एक सेंटिमीटर कमी भरतो. संध्याकाळचा आकडा 157 भरला तर निर्धास्त राहा. उंची वाढवायच्या पावडरींवर पैसे घालवू नका.

आकडा कमीच भरला, तर 18 वर्षं पूर्ण झाल्यावर शिपाई भरती आहे, बारावी पुरते. मैदानी 50 गुणांची : 800 मीटर 20, 100 मीटर 15, गोळाफेक 15. लेखी 100 गुणांची. 800 मीटरला पैकीच्या पैकी हवे असतील तर 2 मिनिटं 50 सेकंदांत यावं लागतं, म्हणजे 400 मीटरची फेरी 85 सेकंदांत. पोरी पहिली फेरी 75त मारतात आणि दुसरीत पाय उचलत नाहीत. सरावात पहिली फेरी घड्याळ लावून मुद्दाम 84-85तच संपवायला लावा. गोळा 4 किलोचा, 6 मीटरला पूर्ण गुण. तो मानेशी टेकवून ढकलायचा असतो. चेंडूसारखा फेकला की फाऊल, शिवाय खांदा दुखावतो तो वेगळाच.

बाहेरगावी पाठवायचंच असेल आणि तिला विज्ञानाची गोडी असेल, तर क्रिमिनॉलॉजीपेक्षा न्यायवैद्यक विज्ञान (फॉरेन्सिक सायन्स) बघा. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठात बारावीनंतरचा पाच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम आहे. 1 जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षं वा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी न्यायवैद्यक तज्ज्ञाने जाण्याची तरतूद आहे. त्या वाटेवर उंची कुणी विचारत नाही, पण अंगावर वर्दीही येत नाही. हे तिला आधीच सांगा.