देवापुढची शपथ आणि दोन तृतीयांशाचं गणित

प्रश्न: नमस्कार. आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालून दिलेला शब्द मोडायला माणूस घाबरतो. मग २०२२ च्या गोवा विधानसभा निवडणुकीआधी काँग्रेसच्या उमेदवारांनी पक्ष सोडणार नाही म्हणून देवापुढे शपथ घेतली आणि आठ महिन्यांच्या आत सोडला पण, त्यावर कायद्याने काहीच होत नाही का? आणि जाहीरनाम्यात लिहिलेलं पाळलं नाही तर फसवणुकीची केस टाकता येते का? बाबा म्हणतात येते, घरी रोज वाद चाललाय.
– एक वाचक, डिचोली

उत्तर: आधी बाबांचं बघू, ते लवकर संपतं. नाही येत. सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्येच सांगितलंय की जाहीरनाम्यातलं आश्वासन लोकप्रतिनिधित्व कायद्यात 'भ्रष्ट आचार' ठरत नाही. कोर्टाच्या सांगण्यावरून निवडणूक आयोगाने नियम केले, की आश्वासन द्याल तर पैसे कुठून आणणार ते ढोबळ तरी सांगा. बस्स, एवढंच. नाहीतर मांडवीतले कॅसिनो हलवणार म्हणून आपण इतक्या निवडणुका ऐकतोय, तेवढ्यावरच पणजीच्या कोर्टात बसायला जागा उरली नसती.

आता शपथ. २२ जानेवारी २०२२ ला उमेदवारांना बसमध्ये घालून पणजीला महालक्ष्मीच्या देवळात, मग बांबोळीच्या खुरसाकडे (क्रूसाकडे) आणि मग बेतीच्या दर्ग्यात नेलं, म्हणजे कुठलाच देव सुटायला नको. हे कशाला करावं लागलं? कारण २०१९ च्या जुलैत १५ पैकी १० आमदार एका रात्रीत भाजपात गेले होते आणि लोक ते विसरले नव्हते. मार्चमध्ये ११ निवडून आले, १४ सप्टेंबरला ८ भाजपात, मागे राहिले तिघे.

हे आकडे जरा नीट बघा हां. १५ चे दोन तृतीयांश बरोबर १०. ११ चे होतात सात आणि वर थोडं, म्हणून ८ लागतात. एकसुद्धा जास्तीचा नाही! पक्षांतरबंदी १९८५ ला आली तेव्हा एक तृतीयांश फुटले तरी चालायचं, २००३ मध्ये ती वाट बंद केली, पण दोन तृतीयांश आमदार असतील तर 'विलीनीकरण' ही वाट ठेवली. मूळ पक्ष विलीन झालेलाच नाही, मग नुसत्या आमदारांचं कसलं विलीनीकरण, हा वाद २०१९ च्या दहा जणांच्या केसमध्ये आपल्या इथल्या हायकोर्टात गेला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये निकाल त्या दहांच्याच बाजूने लागला. थोडक्यात एकटा गेला तर आमदारकी जाते, आठ मिळून गेले तर राहते, आणि अपात्रतेचा अर्ज करायचा तो सभापतींकडे, जे बहुतेक वेळा सत्ताधारी पक्षाचेच. तीन महिन्यांत निर्णय द्या असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सांगूनसुद्धा अर्ज पडून राहतात ते राहतातच. शपथेचा विषय यात कुठेच येत नाही, ती कायद्याला दिसतच नाही.

मला स्वतःला खटकलं ते वेगळंच. त्या आठांतले माजी मुख्यमंत्री दिगंबर कामत म्हणाले, मी देवळात जाऊन देवाला विचारलं, देव म्हणाला तुला योग्य वाटेल ते कर. आता आपल्याकडे देवाला विचारायची रीत कोणाला माहीत नाही? आमच्या गावी काकांच्या जमिनीच्या वाटणीवरून प्रसाद लावला होता, म्हणजे देवाचा कौल घेतला होता, मी लहान होतो. भटजींनी सगळ्या भावांसमोर प्रश्न मोठ्याने म्हटला, मूर्तीला पाकळ्या चिकटवल्या आणि आम्ही सगळे तासभर बघत बसलो, कुठली पडते. पडली ती काकांच्या विरुद्ध. काका काही न बोलता चप्पल घालून घरी गेले, पण कुळागर (माडा-पोफळीची बाग) सोडलं. इथे पाकळी कुठली पडली ते आपल्यापैकी कोणीच बघितलं नाही.