ध्यानाला बसताना पुस्तक चालेल का?

प्रश्न : मी निवृत्त नर्स आहे, नागपूरच्या मोहननगरात राहते. सकाळची मिस्सा (चर्चमधली उपासना) आणि संध्याकाळची रोजरी (माळेवरची प्रार्थना) चुकत नाही. रोजरीनंतर थोडं शांत बसावंसं वाटतं, पण पाच मिनिटांत भाजीपासून पासबुकापर्यंत सगळं डोक्यात येतं. भाचीने स्पेनचे सोळाव्या शतकातले संत, क्रूसाचे योहान यांचं 'काळरात्र' दिलं. थोडं वाचून भीतीच वाटली. पुस्तक समोर धरून केलेली प्रार्थना खरी असते का? आणि वाचू तरी काय?

उत्तर : ताई, भाचीचं मन मोठं, पण पुस्तक आत्ताचं नाही. योहानबाबांनी ते लिहिलं मुरलेल्या साधकांसाठी. मनन, म्हणजे एखाद्या विषयावर विचार करत केलेली प्रार्थना, सोडून नुसतं देवापुढे बसायची वेळ आली, हे ओळखायच्या तीन खुणा त्यांनी 'कार्मेल पर्वताचे आरोहण' या आपल्या दुसऱ्या पुस्तकात दिल्या आहेत: मनन जमेनासं होतं, दुसऱ्या कशातही मन रमत नाही, आणि देवाकडे प्रेमाने लक्ष लावून राहणं आवडू लागतं. तिन्ही एकदम दिसायला हव्यात. पासबुक आठवणं यात बसत नाही, त्यामुळे निश्चिंत राहा.

आता पुस्तकाचं. स्पेनमधल्या मठवासी सिस्टर, आविलाच्या संत तेरेजा (१५१५–१५८२) आत्मचरित्रात सांगतात, की कितीतरी वर्षं कम्युनियननंतरचा (मिस्सात पवित्र भाकर घेतल्यानंतरचा) वेळ सोडला तर पुस्तकाशिवाय प्रार्थनेला बसायची त्यांना हिंमतच होत नसे. पुस्तक जवळ असलं, की विखुरलेलं मन गोळा व्हायचं. पुष्कळदा ते उघडावंही लागत नसे. १५५९ मध्ये स्पेनच्या धर्मन्यायालयाने (इन्क्विझिशनने) लोकभाषेतली बरीच धार्मिक पुस्तकं बंद केली, तेव्हा त्यांना फार वाईट वाटलं. ज्यांना चर्चने १९७० मध्ये आचार्यपद, म्हणजे थोर शिक्षक-संताचा मान, दिला, त्यांना पुस्तक लागत होतं. मग तुम्ही कसला संकोच करता?

त्यांचं 'परिपूर्णतेचा मार्ग' तुम्ही घ्याच. तेरेजांनी ते आपल्या मठातल्या सिस्टरांसाठी लिहिलं. बोलणं समोर बसून केल्यासारखं, मध्येच विषय सोडून भरकटणारंही. उत्तरार्धात 'हे आमच्या बापा' ही प्रार्थना ओळ-ओळ उलगडली आहे. त्यात एका सिस्टरची गोष्ट येते. तिला तोंडी प्रार्थनेपलीकडे काही जमत नाही म्हणून ती रडकुंडीला आलेली. तेरेजांनी चौकशी केली तर लक्षात आलं, की 'हे आमच्या बापा' म्हणता म्हणताच तिला शुद्ध ध्यान लाभलं होतं. रोजरीनंतर 'खरं' काहीतरी करायला हवं, असं वाटणाऱ्या सगळ्यांनी ही पानं वाचावीत.

पण सुरुवात संत फ्रान्सिस दि सेल्स यांच्यापासून करा, आपल्या नागपुरातल्या सदर भागातलं कॅथेड्रल (बिशपांचं मुख्य चर्च) ज्यांच्या नावाचं आहे. नागपूरचा धर्मप्रांत १८८७ चा. इथे काम करणारे मिशनरी त्यांच्याच नावाच्या संस्थेचे, फ्रान्समधल्या अॅनसीहून आलेले. कॅथेड्रलसमोरून जन्मभर जाणाऱ्या किती जणांनी या संताचं एक पान वाचलं असेल, कोण जाणे! 'भक्तिमय जीवनाची ओळख' हे त्यांचं पुस्तक १६०९ मध्ये निघालं, आणि ते मठाबाहेरच्या माणसांसाठी आहे. ते म्हणतात, बागेत फिरून आलेला माणूस चार फुलं हातात घेऊन निघतो, तसं मननातून एखादी गोष्ट दिवसभरासाठी सोबत घ्यावी.

वाचायचं किती? एक परिच्छेद. ओळ मनाला लागली, की पुस्तक मिटायचं आणि देवाशी बोलायचं. मन पळालं की पुन्हा तीच ओळ. पुढचा परिच्छेद उद्या. शुभवर्तमानाला (बायबलमधल्या येशूच्या चरित्राला) मात्र सुट्टी नाही, बाकीची पुस्तकं त्याच्या मागे. आणि शांततेची वाट पाहू नका. मे महिन्यात मी कूलरच्या घरघरीतच बसते. कूलर बंद करून नागपुरात कोण ध्यान करणार?

मराठी प्रत हाती लागली नाही तर इंग्रजी घ्या, नर्सिंग तुम्ही इंग्रजीतूनच केलं असणार. फ्रान्सिसचा दुसरा भाग आधी उघडा, प्रार्थनेची पद्धत तिथे आहे. पहिल्या भागात मरण आणि नरकावरची मननं आहेत, ती मागाहून वाचली तरी चालतील.