गॅस काढलेला फ्लॅट घ्यायचा का?

दादा, तुमचा प्रश्न वाचला. जानेवारीत कोल्हापूरच्या राजारामपुरीतून थेट इंग्लंडमधल्या लीड्सला येताय, बरोबर वहिनी आणि दोन वर्षांची लेक. बघून ठेवलेल्या फ्लॅटमधला घर तापवणारा गॅसचा बॉयलर काढून मालकानं सगळं विजेवर केलंय, भाडंही थोडं कमी सांगतोय, तर घ्यावा का? मी शिवाजी पेठेतली. तीन वर्षांपूर्वी आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये हाच बदल झाला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

'विजेवर केलंय' एवढ्यावर सही करू नका. नेमकं काय बसवलंय ते विचारा. इथं गॅसचं युनिट साधारण 6-7 पेन्सला पडतं, विजेचं 25 च्या आसपास. बॉयलरची थोडी उष्णता धुरावाटे वाया जाते, ती धरूनही भिंतीवरच्या साध्या पॅनेल हीटरनं तीच खोली तापवायला तिप्पट-साडेतिप्पट खर्च येतो. हीट पंप असेल तर गोष्ट वेगळी. तो बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत आणतो, एका युनिटमागं तीनेक युनिट ऊब देतो, आणि खर्च गॅसच्या जवळपास येतो. पण भाड्याच्या जुन्या फ्लॅटमध्ये तो क्वचितच भेटतो.

बहुतेक तुमच्याकडे स्टोरेज हीटर असणार. आत जड विटा असतात, रात्रीच्या स्वस्त विजेवर त्या तापतात आणि दिवसभर ऊब सोडतात. चूल विझल्यावरही वैलावरचं दूध कोमट राहतं ना, तसंच. यासाठी मीटर दोन दरांचा लागतो. 'इकॉनॉमी सेव्हन' नावाच्या योजनेत रात्रीचे सात तास वीज स्वस्त मिळते, पण दिवसाचा दर नेहमीपेक्षा चढा असतो. लहान मूल घरात म्हणजे वहिनींचा स्वयंपाक, कपडे धुणं सगळं दिवसाच होणार. तो खर्चही हिशेबात धरा.

आमच्याकडे घोळ इथंच झाला. मालकानं हीटर नवे बसवले आणि मीटर जुनाच ठेवला. डिसेंबरचं बिल हातात आलं तेव्हा मी दोन दर शोधत बसले, आणि कागदावर एकच दर होता. महिनाभर रात्रीची वीज आम्ही दिवसाच्या भावानं जाळली होती. मीटर बदलून मिळेपर्यंत फेब्रुवारी उजाडला. ते पैसे कुणी परत दिले नाहीत, आणि मला त्याचा अजून राग येतो, कारण बसवणाऱ्यानं दोन मिनिटं बोलून सांगितलं असतं तरी भागलं असतं.

हीटरवर दोन खटके असतात. इनपुट म्हणजे रात्री किती साठवायचं, आउटपुट म्हणजे किती सोडायचं. झोपताना आउटपुट बंदच करा. तो उघडा राहिला तर सगळी ऊब पहाटेच निघून जाते, आणि संध्याकाळी चारच्या सुमारासच अंधारायला लागतं तेव्हा विटा गार. तुमच्या लेकीला ऊब लागणार ती नेमकी त्याच वेळी. हीटरवर ओले कपडे टाकू नका, आग लागू शकते. कपडे घरातच वाळवावे लागतात, तेव्हा खिडकी थोडा वेळ उघडत जा, नाहीतर भिंतीला बुरशी धरते. मुलांच्या छातीला ती बाधते.

गॅस नसण्याचा एक फायदा मी मनापासून मानते. घरातल्या बॉयलरमधून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूची धास्ती उरत नाही. आपल्याकडे न्हाणीघरात बंब पेटवायचा तर धुराला वाट आहे का, हे आजी आधी बघायची. इथल्या बंद खिडक्यांच्या घरात त्या काळजीतून सुटका होते.

गॅसचा मीटर खरंच काढलाय का, हेही विचारा. नुसता बॉयलर काढून मीटर तसाच असेल तर गॅस न जाळताही रोजचा स्थिर आकार चालूच राहतो. दिवसाला 30 पेन्स धरले तरी वर्षाचे शंभर पाउंडांवर जातात. घराचा ऊर्जा दाखला, म्हणजे घर ऊर्जा किती जपून वापरतं त्याची श्रेणी सांगणारा कागद, सरकारी संकेतस्थळावर पिनकोडवरून फुकट बघता येतो. इंग्लंडमध्ये भाड्यानं द्यायला सहसा किमान 'ई' श्रेणी लागते. मात्र दाखला दहा वर्षं चालतो, त्यामुळे त्यात अजून जुना बॉयलरच लिहिलेला असू शकतो. तारीख बघा आणि बदलानंतरचा दाखला मागा.

स्वयंपाकाचं म्हणाल तर शेगडी बहुधा इंडक्शनची असेल. ॲल्युमिनियमची आणि तांब्याची भांडी तिच्यावर चालत नाहीत. घरून निघण्याआधी प्रत्येक भांड्याच्या बुडाला चुंबक लावून बघा. लोखंडी तवा मात्र जरूर आणा. भाकरी त्याच्यावर छान भाजते, फक्त आरावर फुगवता येत नाही, तव्यावरच फडक्यानं दाबून फुगवावी लागते.

मालकाकडून हीटरचा, मीटरचा आणि आधीच्या हिवाळ्यातल्या बिलाचा फोटो मागवा. आले की मला पाठवा, सही त्यानंतर करा.