वडील दारू पितात, मलाही लागलीय. दोन्हींवर विनोद करून दिवस ढकलतो, हे बरोबर आहे का?

हो, विनोदाचा आधार जरूर घ्या, पण तो स्वतःच्या दारूवर आणि तिच्यापायी केलेल्या लपवाछपवीवर. वडिलांच्या झोकांड्यांवर चारचौघांत नको. मी इथे कोकणात अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या सभांना जातो. कुणी पडवीतल्या नारळाच्या सोडणांच्या ढिगात क्वार्टर लपवल्याचं सांगितलं की सगळे खदखदून हसतात, कारण प्रत्येकाने ती कुठे ना कुठे लपवलेली असते. त्या हसण्याने लाज उतरते, माणूस खरं बोलायला लागतो. घरच्यांच्या थट्टेने उलट होतं: पिणाऱ्याला वर्मी लागतं आणि प्यायला निमित्तच मिळतं. घरच्यांसाठी अल-अनॉन हा वेगळा गट आहे, १९५१ पासूनचा. आईला त्याबद्दल नक्की सांगा. मात्र हसण्याने दारू सुटत नाही. रोज पीत असाल तर मनाने एकदम बंद करू नका. हात थरथरतात, फिट येते, भास होतात, जीवही जाऊ शकतो. आधी जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.