वाचकांची विचारणा : कडाक्याच्या थंडीत उघड्यावरचा बार्बेक्यू

प्रश्न : उन्हाळ्यात आमच्या झाकणाच्या गोल बार्बेक्यूवर कोंबडीच्या तंगड्या चाळीस मिनिटांत होतात. गेल्या आठवड्यात बाहेरचे तापमान शून्याच्या आसपास होते आणि वाराही सुटला होता. कोळसा नेहमीइतकाच घातला, दर पाच मिनिटांनी झाकण काढून पाहिले, तरी तासाभरानंतरही तंगड्या हाडाजवळ कच्च्या आणि खालून करपलेल्या निघाल्या. असे का व्हावे?

उत्तर : झाकणाच्या बार्बेक्यूत पदार्थाला दोन वाटांनी उष्णता मिळते : एक निखाऱ्यांची खालून लागणारी थेट धग आणि दुसरी झाकणाखाली कोंडलेली गरम हवा. भोवतालच्या थंडीने थेट धग फारशी कमी होत नाही. थंडी खाऊन टाकते ती कोंडलेली हवा. त्यामुळे तंगडीची खालची बाजू उन्हाळ्यासारखीच भाजत राहिली आणि वरून जी ऊब मिळायला हवी होती ती मिळालीच नाही. त्यात दर वेळी झाकण काढल्यावर गरम हवा निघून गेली, तर उघड्या पडलेल्या निखाऱ्यांना भरपूर हवा मिळून ते अधिकच फुलले. वरची बाजू निवत गेली आणि खालची करपत गेली, ती दोन्ही त्या एकाच कृतीमुळे.

मात्र सगळा दोष थंडीच्या माथी मारू नये. झाकणाखाली १८० अंश सेल्सिअस तापमान हवे असेल, तर ३० अंशांच्या दिवशी आतल्या-बाहेरच्या तापमानात १५० अंशांचा फरक असतो आणि शून्य अंशाच्या दिवशी १८० अंशांचा. पत्र्यातून बाहेर जाणारी उष्णता साधारण या फरकाच्या प्रमाणात वाढते असे धरले, तर ती वाढ पाचव्या हिश्शाची झाली, म्हणजे मूठ-दोन मूठ जास्त कोळशाने भरून निघण्यासारखी. वाऱ्याचा हिशेब असा सरळ नसतो. पत्र्याला बिलगलेला उबदार हवेचा थर तो सतत पुसून नेतो, शिवाय खालच्या झरोक्यातून आत घुसला तर भात्यासारखा निखारे फुलवतो. म्हणून वाऱ्याच्या दिवशी एकच बार्बेक्यू कधी पेटता पेटत नाही, तर कधी आवरता आवरत नाही. माझ्या मते थंडीत आधी पाहायचे ते थर्मामीटरकडे नव्हे, तर धूर कोणत्या दिशेला जातो आहे त्याकडे.

पुढच्या वेळी खालचा झरोका वाऱ्याकडे पाठ करून ठेवा आणि जवळ भिंतीचा आडोसा घ्यायचा झाल्यास भिंत, कुंपण, छप्पर यांपासून तीनएक मीटर अंतर राखा. कोळशावर राखेचा पांढुरका थर चढला की सगळे निखारे एका बाजूला ओढा, झाकण लावून जाळी आणि पत्रा पंधरा-वीस मिनिटे तापू द्या आणि मगच तंगड्या निखारे नसलेल्या बाजूला मांडा. पहिली पंचवीस मिनिटे झाकणाला हात लावू नका. वरचा झरोका पूर्ण बंद करू नका. धूर आत कोंडला तर निखारे गुदमरतात आणि पदार्थाला कडवट वास लागतो. मध्येच कोळसा वाढवावा लागल्यास तो बाजूला पेटवून घेतलेला असावा, कारण थंड काळे कोळसे टाकले की आच आधी खाली बसते. शेवटची परीक्षा रंगावर सोडू नका. हिवाळ्यात लवकर अंधारते आणि पिवळ्या दिव्याखाली कच्चे मांसही भाजल्यासारखे दिसते. टोकदार थर्मामीटर हाडाला न टेकवता तंगडीच्या सर्वांत जाड भागात खुपसावा. तिथे ७४ अंश दिसले म्हणजे कोंबडी शिजली. मग ती गरम केलेल्या ताटात, झाकूनच आत न्या. गार ताटात ती दाराशी पोहोचेपर्यंत निवते.

प्रश्न : आमची ग्रिल गॅसची आहे. सिलिंडर अर्धा भरलेला असूनही थंडीत ज्योत मंदावते आणि सिलिंडरच्या खालच्या भागावर पांढरे दव गोठते. त्याला घोंगडी गुंडाळावी का?

उत्तर : गुंडाळू नये, आणि त्याचे कारण मोठे मजेदार आहे. सिलिंडरमधला द्रव उकळून त्याचा वायू होतो आणि उकळण्यासाठी लागणारी उष्णता तो स्वतःतून व लोखंडी भिंतीतून घेतो. म्हणूनच वापरात असलेला सिलिंडर भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो. अशा वेळी बाहेरची हवा कितीही थंड वाटली तरी सिलिंडरला ऊब मिळते ती तिच्याकडूनच. घोंगडीने तुम्ही तीच वाट बंद कराल. गोठलेल्या दवाची वरची कड ही साधारणपणे आतल्या द्रवाची पातळी असते. पातळी जितकी खाली, तितका द्रवाला टेकलेला भिंतीचा भाग कमी आणि वायू तयार होण्याचा वेगही कमी. अर्धा सिलिंडर थंडीत रिकाम्यासारखा वागतो तो यामुळे.

दुसरा प्रश्न आत कोणता वायू आहे हा. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत उकळतो, ब्युटेन मात्र शून्याच्या जरासे खालीच उकळायचा थांबतो. तेव्हा हिवाळ्यासाठी प्रोपेनचा, शक्यतो मोठा आणि भरलेला सिलिंडर घ्या, तो बर्फावर न ठेवता कोरड्या फळीवर उभा करा आणि सगळे बर्नर एकदम मोठे करू नका. सिलिंडरला ज्योत दाखवणे, त्यावर उकळते पाणी ओतणे किंवा तो ऊब मिळावी म्हणून घरात आणून ठेवणे, यांतले काहीही करू नये.

प्रश्न : बाहेर उभे राहवत नाही. गॅरेजचे दार अर्धे उघडे ठेवून आत कोळशाचा बार्बेक्यू लावला तर चालेल का?

उत्तर : नाही. दार पूर्ण उघडले तरी नाही, खिडकी आणि पंखा असला तरी नाही, आणि तंबूत तर मुळीच नाही. जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो; त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे ही त्याची लक्षणे थंडीच्या दिवसांत सर्दी-तापाची वाटून दुर्लक्षिली जातात. स्वयंपाक उरकल्यावर विझत आलेल्या निखाऱ्यांतूनही हा वायू निघत राहतो, त्यामुळे हात शेकायला ते आत आणणेही तितकेच घातक आहे. उभे राहवत नसेल, तर ज्याला तासभर लागतो असा मोठा तुकडा टाळून दहा मिनिटांत होणारे मासे, पातळ काप किंवा भाज्या निवडा. थंडीत खाण्याचा बेत वेळेच्या हिशेबाने ठरवावा, हौसेच्या नव्हे.

प्रश्न : हातमोजे कोणते वापरावेत आणि नंतर राखेचे काय करावे?

उत्तर : लोकरीचे मोजे गारठ्यासाठी, उष्णतेसाठी नव्हेत. एकदा हिमवर्षावात माझे मोजे ओले झाले होते आणि तसाच मी तापलेल्या झाकणाचा कान धरला. लोकरीतल्या पाण्याची क्षणात वाफ झाली आणि बोटांवर फोड आले. कोरडे, जाड, उष्णतारोधक मोजे वेगळे ठेवा आणि मफलरची टोके आत खोचा. नायलॉनची फुगीर जाकिटे ठिणगीने वितळतात, तीही आगीजवळ नकोत.

काम झाले की झाकण आणि दोन्ही झरोके बंद करावेत. तापलेल्या पत्र्यावर पाणी ओतल्यास वाफेने भाजते आणि मुलामा तडकू शकतो. राखेखाली निखारा दोन दिवसही जिवंत राहू शकतो, म्हणून ती धातूच्या झाकणाच्या डब्यात भरून घरापासून दूर ठेवावी. झरोके बंद केल्याने विझलेले अर्धवट कोळसे फेकू नयेत. पूर्ण थंड झाल्याची खात्री करून ते हवाबंद ठेवले, तर पुढच्या वेळी नव्या कोळशाआधी तेच पेट घेतात.