शिवी कळायला हवी, पण बोलायची घाई नको

सिडनीहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. शिक्षण मराठी माध्यमातलं, सध्या गोदामात पॅकिंगचं काम. त्या लिहितात, "इथे सगळे एफ-वर्ड घातल्याशिवाय वाक्य पुरं करत नाहीत. मी गप्प असते म्हणून शिष्ट वाटते का? मीही बोलू का? त्यात दहा वर्षांचा मुलगा घरी 'क्रॅप' म्हणायला लागलाय."

ताई, जेवणाच्या सुट्टीत सगळे खिदळत असताना आपल्यालाच काय बोलावं ते सुचत नाही, तेव्हा किती परकं वाटतं याची मला कल्पना आहे. तरीही सांगते: अर्थ सगळ्या शिव्यांचा माहीत करून घ्या, वापरायची मात्र घाई करू नका.

'च्यायला' मित्रांत चालतं आणि सासऱ्यांसमोर चालत नाही, हे आपल्याला कुणी शिकवलं नाही. लहानपणी पाठीत धपाटे बसले, त्यातून ते अंगी मुरलं. इंग्रजीचे धपाटे आपण खाल्लेले नाहीत, म्हणून तिथल्या शिवीचं वजन आपल्याला नेमकं कळत नाही. लंडनच्या बर्कबेक कॉलेजमधले भाषातज्ज्ञ ज्याँ-मार्क डेवेल यांनी 2016 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक फार उपयोगी गोष्ट दिसली. इंग्रजी मागाहून शिकलेल्यांना बहुतेक वाईट शब्द आहेत त्याहून जास्त वाईट वाटतात, पण सर्वांत जहाल शब्दाची धार मात्र कमी वाटते. खरा धोका इथेच आहे. 'क्रॅप'सारख्या सौम्य शब्दाला ('घाण', 'फालतू' अशा अर्थाचा) आपण दचकतो आणि सी-वर्ड, म्हणजे स्त्रीच्या गुप्तांगावरची ती सर्वांत जहाल शिवी, हसत उच्चारून बसतो.

त्यात प्रत्येक देशाची तऱ्हा वेगळी. 2006 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पर्यटन मंडळाने जाहिरातीत 'ब्लडी हेल' वापरलं, तर ब्रिटनमध्ये ती टीव्हीवर दाखवायला आधी मनाई झाली. 'पिस्ड' म्हणजे अमेरिकेत चिडलेला, तर ब्रिटनमध्ये दारू प्यालेला.

आता तुमच्या गोदामातच नीट ऐका. खोकं पायावर पडलं म्हणून कुणी ओरडतं, ती शिवी खोक्याला असते. तोच शब्द 'यू' जोडून माणसाकडे वळला की भांडण होतं. सुपरवायझर आला की कोण जीभ आवरतं, नव्या माणसाशी कोण कसं बोलतं, तेही पाहा. जुने दोस्त एकमेकांना 'बास्टर्ड' म्हणतात, तो त्यांच्या वर्षानुवर्षांच्या ओळखीचा हक्क आहे. नव्या माणसाला तो लगेच मिळत नाही. फारच वाटलं तर 'ब्लडी'पर्यंत जा, तेही बरोबरीच्यांत आणि वस्तूबद्दल. वंश, धर्म, अपंगत्व यांवरून केलेली शिवी तर कधीच नको, मग ती गाण्यात कितीही वेळा ऐकलेली असो. तसं कुणी तुम्हाला म्हणालं, तर हसून सोडून देऊ नका. तारीख-वेळ लिहून ठेवा आणि वरिष्ठांना कळवा.

कामाच्या ग्रुपवर 'डब्ल्यूटीएफ' (यातला 'एफ' म्हणजे तोच एफ-वर्ड) टाकू नका. लघुरूप असलं तरी शिवी ती शिवीच, आणि लिहिलेलं मागे राहतं.

शिष्ट वाटण्याची काळजी सोडा. 'नो वरीज' (काही हरकत नाही), 'गुड ऑन या' (शाब्बास) म्हणा, डब्यातलं थालीपीठ पुढे करा, त्यांच्या थट्टेला थट्टेने उत्तर द्या. माणसं जवळ येतात ती यानेच.

मुलाला रागावण्याआधी विचारा, हा शब्द कुठे ऐकलास, कोण कुणाला म्हणालं? 'क्रॅप' घरात चालवायचा की नाही, ते तुम्ही दोघांनी मिळून ठरवा. आजी-आजोबांच्या व्हिडिओ कॉलवर मात्र नाही, हे आजच सांगा. त्याला आणखी एक सांगायला हवं. सिडनी ज्या राज्यात आहे त्या न्यू साउथ वेल्सच्या 1988 च्या कायद्यानुसार सार्वजनिक ठिकाणी किंवा शाळेजवळ, लोकांच्या कानावर जाईल अशी अश्लाघ्य भाषा वापरणं हा गुन्हा आहे. एरवी पोलीस काणाडोळा करतीलही, पण व्हिसाच्या कागदांवर राहणाऱ्या कुटुंबाने ती वेळ येऊच देऊ नये.