ते भोक बुजवू नका

प्रश्न : गणपती पेठेजवळच्या एका भंगारवाल्याकडे जुन्या वाड्यातली भांडी आली होती. त्यांतून मी एक तांब्याची वाटी वजनावर घेतली. अर्ध्या करवंटीसारखी गोल, पातळ, भरेल दीडशे ग्रॅम. कान नाही, कडी नाही, बैठकही नाही, जमिनीवर ठेवली की कलंडते. बुडाला बरोबर मध्ये भोक आहे, सुईचं टोकही जेमतेम जाईल एवढं. दुकानदार म्हणाला, महादेवावरची गळती आहे, पिंडीवर थेंब थेंब पाणी धरायची. घरचे म्हणतात, फुटकी वाटी, डाग देऊन घे. काय करू? (एक वाचक, सांगली)

उत्तर : ताई, डाग देऊ नका. ते भोक मुद्दाम पाडलेलं आहे. तुमच्या हाती बहुतेक घटिकापात्र, म्हणजे पूर्वी वेळ मोजायची वाटी, लागलंय.

गळती मी नाही म्हणते, कारण गळती टांगायची असते, तिला साखळीसाठी कड्या किंवा काठाला भोकं लागतात. शिवाय तिचं बुडाचं भोक मोठं असतं, त्यातून दर्भ किंवा सुताची वात सोडतात. तुमची वाटी टांगायची नाही, पाण्यावर तरंगवायची आहे. म्हणून तर तिला बैठक नाही.

माझे वडील वाईजवळच्या खेड्यांत जोशीपण करत. लग्नाच्या दिवशी मुहूर्ताची वेळ मोजायला सूर्य उगवताना ते घंगाळात गाळलेलं पाणी भरून वाटी सोडत आणि मला शेजारी बसवत. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची. घंगाळाला कुणाचा धक्का लागू द्यायचा नाही, वाटी बुडाली की हाक मारायची, एवढंच माझं काम. वाटी काठोकाठ भरून बुडत नाही बरं का. आत पाणी चढतं तशी ती खाली खाली जाते, काठ पाण्याला टेकतो आणि मग बाहेरचं पाणी एकदम आत शिरून डुबकन तळाला जाते. तळाला आपटल्याचा तो बारीक आवाज मला अजून ओळखू येईल. मी ओरडायची, ‘आण्णा, घटका भरली!’ की ते भिंतीवर कुंकवाचं बोट ओढून वाटी पुन्हा सोडत.

एक घटका म्हणजे २४ मिनिटं, साठ पळं. दिवसरात्र मिळून घटका ६०. सूर्यसिद्धान्त या जुन्या ज्योतिषग्रंथात हेच यंत्र आहे: बुडाला छिद्र असलेलं तांब्याचं पात्र, निर्मळ पाण्याच्या कुंडात अहोरात्रात साठ वेळा बुडणारं. तिथे त्याला कपालयंत्र म्हटलंय. आपण ‘घटकाभर टेका’ म्हणतो, तो वेळ या वाटीनं मोजलेला.

आता परीक्षा. वाटी रात्रभर चिंचेच्या कोळात ठेवा, मग नुसत्या बोटांनी धुवा. राख, घासणी नको, आणि भोकात सुई तर अजिबात घालू नका. केसभर जरी रुंदावलं तरी घटका लवकर भरेल आणि मग ते परत लहान करता येत नाही. रुंद पातेल्यात गाळलेलं पाणी घ्या. बोअरचं नको, त्याचा क्षार भोकात बसतो. पंखा बंद करा, वाटी अलगद सोडा आणि मोबाइलवर वेळ लावा. २४ मिनिटांच्या जवळपास बुडाली तर शंका उरत नाही. बराच जास्त वेळ लागला तर भोकात अजून मळ आहे, पुन्हा कोळात ठेवा. लवकर बुडाली तर आधी कुणीतरी टोकरलेलं असणार. तरीही वाटी मोडीत देऊ नका.

आणि एक. २०१९च्या महापुरानंतर सांगलीत अशी कितीतरी भांडी किलोवर गेली, त्याचं मला फार वाईट वाटतं. ही वाटी ज्या वाड्यातून आली, तिथे तिचं घंगाळही असणार. ते वितळायला जायच्या आत, आजच त्या दुकानात जाऊन विचारा.